आधी लेकीला विचारा



आम्ही शिर्डीचे. मंदिराच्या रस्त्याला आमचं हार-फुलांचं छोटं दुकान आहे. बोलतेय ती आई, पण शेजारी तिचे वडीलही बसलेत. जे सांगणार आहोत ते दोघांनी मिळून भोगलंय, दोघांनी मिळून चुकलोय, म्हणून सगळं ‘आम्ही’ असंच सांगतो. इथं येण्याआधी लेकीला विचारलं. तिनं दोन अटी घातल्या. नाव सांगायचं नाही, आणि ‘बिचारी’ म्हणायचं नाही. दोन्ही आम्हाला मान्य.

आमची लेक आता सोळा वर्षांची आहे, अकरावीत शिकते. तिला चार आजार आहेत. साखरेचा, थायरॉइडचा, गहू न पचण्याचा आणि अंगावर पांढरे डाग येण्याचा. ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच पोरीच्या वाट्याला एवढं कसं आलं? आम्हालाही तसंच वाटायचं. मग एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हे चार असले तरी त्यांचं मूळ एकच आहे. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी शक्ती असते. ती म्हणजे राखणीचा कुत्रा. चोर आला की भुंकायचं, चावायचं, हे त्याचं काम. पण कधी कधी हा कुत्रा घरच्याच वासराला चावायला लागतो. आमच्या लेकीच्या शरीरात तो आधी स्वादुपिंडाला चावला, तिथं इन्सुलिन तयार होतं. मग गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला. मग आतड्याला, आणि शेवटी कातडीच्या रंगाला. याला ऑटोइम्यून आजार म्हणतात. हे आजार एकमेकांच्या सोबतीनं येतात. म्हणून लहान मुलाला साखर निघाली, तर थायरॉइडची आणि गव्हाच्या त्रासाची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. हा कुणाचा शाप नाही, कुणाचं पाप नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

२०२१ च्या दिवाळीची गोष्ट. लेक अकरा वर्षांची होती. लॉकडाऊननंतर मंदिर नुकतंच उघडलं होतं, पण हार-फुलं आत न्यायला बंदी होती. दुकान उघडायचो आणि बसून राहायचो. त्यातच पोरगी सारखी पाणी प्यायला लागली, रात्री तीन-तीनदा लघवीला उठायला लागली. खात होती तरी वाळत चालली. आम्ही म्हटलं, वाढीचं वय आहे. एक दिवस पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर पाचशेच्या पुढे. मैत्रिणींनो, ही लक्षणं पाठ करून ठेवा. तहान, लघवी, वजन उतरणं, मग उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास. मूल लहान आहे म्हणून साखर नसेल, असं धरून चालू नका. बोटातून एक थेंब रक्त घेऊन मिनिटात कळतं.

मोठ्या माणसांची साखर बऱ्याचदा गोळीवर, पथ्यावर भागते. आमच्या लेकीची तशी नाही. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचूनच द्यावं लागतं. आम्ही डॉक्टरांना विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कायम. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

आता पहिली चूक सांगतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर दीड महिन्यानं साखर एकदम खाली यायला लागली. डोस कमी करावा लागला. घरात आनंद झाला, पोरगी बरी होतेय! त्याच सुमारास एक नातेवाईक औषधाची पुडी घेऊन आले. तीन महिन्यांचा कोर्स, आणि अट एकच, इन्सुलिन बंद करायचं. आमच्या सासूबाईंना ते पटलं. खरं सांगायचं तर आम्हालाही पटलं, कारण आम्हाला तेच ऐकायचं होतं. एक दिवस इंजेक्शन दिलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्रावर ३८० आकडा आला. तिच्या वडिलांनी पुडी मोरीत ओतली आणि इंजेक्शन भरलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळं कबूल केलं. तेव्हा कळलं, की सुरुवातीला असं होतं. उरलंसुरलं स्वादुपिंड थोडे दिवस पुन्हा काम करतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोकांना वाटतं की अमक्या औषधानं गुण आला. काही महिन्यांनी ते थांबतंच. म्हणून सांगतो, देवाचा अंगारा लावा, उदी लावा, नवस बोला, कुणी अडवत नाही. पण अशा मुलाचं इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. पोर आजारी आहे, जेवत नाही, तरीही आपल्या मनानं बंद करायचं नाही. डॉक्टरांना फोन करून डोस विचारायचा.

इन्सुलिन निघण्याआधी या आजाराची मुलं वर्ष-दोन वर्षांत जायची. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याचं नाव लिओनार्ड थॉम्पसन. पहिलं इंजेक्शन नीट लागू पडलं नाही. औषध अजून शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिलं, आणि मरायला टेकलेलं पोर सावरलं. आमच्या लेकीला ही गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे तो पण नववीतलाच!” त्या दिवसापासून ती इन्सुलिनला औषध म्हणत नाही, ‘जेवण’ म्हणते.

साखरेच्या आजारात नेमानं करायच्या तपासण्यांमध्येच थायरॉइड निघालं. त्याचा फार त्रास झाला नाही. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे. एवढंच.

अवघड गेला तो गहू. तेराव्या वर्षी पोट फुगायचं, पातळ संडास, उंची थांबलेली, रक्त कमी. आणि साखर कधी एकदम खाली, कधी एकदम वर. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं. हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तर भारतात जास्त दिसतो, त्यामुळे आपल्याकडे पटकन कुणाच्या मनात येत नाही. आमच्याही वर्ष गेलं. मग एकानं रक्ताची तपासणी सांगितली आणि त्यानंतर दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून बघायला सांगितलं. इथं आमच्यापुढे प्रश्न आला. पोरीच्या पोटात नळी घालायची, की सरळ गहू बंद करून बघायचं? शेजारी म्हणाले, बंद करा, नळी कशाला? पण डॉक्टरांनी बजावलं, आधी गहू बंद केला तर तपासणीत काही दिसणार नाही, आणि पुढे आयुष्यभर ‘आहे की नाही’ हा घोळ राहील. आम्ही तपासणी केली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संशय असेल तर आधी तपासणी, मग पथ्य.

गव्हाचा हा संबंध कळायलाही जगाला वेळ लागला. नेदरलँड देशात विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं युद्धामुळे दुष्काळ पडला, पाव मिळेना. सगळी मुलं उपाशी, पण या आजाराची मुलं उलट सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना आधीपासून संशय होता, तो पक्का झाला.

आता शिर्डीत राहून गहू सोडायचा म्हणजे काय, ते बघा. बाबांनी जात्यावर गहू दळला ती गोष्ट आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे. गावात पटकीची साथ आली होती. बाबा दळायला बसले, चार बायकांनी पुढे होऊन जातं हातात घेतलं, आणि पीठ झाल्यावर ते घरी न्यायला निघाल्या. बाबांनी त्यांना रागावून ते पीठ वेशीवर टाकायला लावलं. द्वारकामाईत आजही जातं आणि गव्हाचं पोतं दिसतं. आम्ही दोघं दवाखान्यातून तोंड पाडून घरी आलो, तेव्हा सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाबांनी दळलेला गहू बायांनी घरात नेला नव्हता, वेशीवर टाकला होता. आपणही वेशीबाहेर ठेवू.” पुडीवर विश्वास ठेवणाऱ्या याच आमच्या सासूबाई! दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि टाकी लावून घेतलं.

जातं कशाला, गिरणी आहे की, असं तुम्ही म्हणाल. पण गिरणीत आपल्या बाजरीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. त्याचं पीठ आपल्या पिठात येतं, आणि तेवढंही या पोरांना बाधतं. म्हणून दळण घरी, जात्यावर किंवा फक्त ज्वारी-बाजरीसाठी ठेवलेल्या घरघंटीवर. तवा वेगळा, परात वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं. रवा, मैदा, शेवया, कुरडया, बिस्किट, पाव, सगळं बंद. सातूही बंद. आणि एक गोष्ट आम्हाला सहा महिन्यांनी कळली. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आम्ही सगळं पाळत होतो आणि रोजच्या आमटीत फोडणीतून गहू देत होतो! डबीवर लिहिलेलं वाचायला तेव्हापासून लेकच बसते.

तरी आपण अहिल्यानगर जिल्ह्यातले लोक नशीबवान. बाजरी आपली, ज्वारी आपली. नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, सगळं चालतं. ज्यांच्या घरात तिन्ही त्रिकाळ गहूच, त्यांचे हाल विचारा. मात्र गहू नाही म्हणजे साखर वाढणार नाही, असं नसतं. भात, साबुदाणा, पोहे यांनीही वाढते, म्हणून भाकरी मोजून आणि इन्सुलिन त्या हिशेबानं. कुणी तरी सांगितलं, बाजरी थायरॉइडला वाईट. आम्ही घाबरून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, गोळी चालू आहे, तपासण्या होतात, ज्वारी-बाजरी आलटून पालटून द्या. प्रत्येक आजाराचं पथ्य वेगवेगळा माणूस सांगतो, आणि पोराच्या ताटात शेवटी काही उरत नाही. म्हणून सगळ्या आजारांची एकच वही करा. प्रत्येक डॉक्टरांना तीच वही दाखवा.

वहीवरून दुसरी चूक आठवली. ही मोठी.

पहिली दोन वर्षं आम्ही दिवसातून दोनदा, घरीच, मिसळलेलं इन्सुलिन द्यायचो. साखर फार वर-खाली व्हायची. तेरा वर्षांची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता चार वेळा देऊ, प्रत्येक जेवणाआधी एक आणि रात्री एक लांब काम करणारं. साखर जास्त ताब्यात राहील, जेवणाची वेळही थोडी मोकळी होईल. आम्ही लगेच हो म्हटलं. लेक शेजारी बसली होती, तिला कुणीच काही विचारलं नाही. दुपारचं इंजेक्शन शाळेत घ्यायचं ठरलं.

वर्षभर वहीत आकडे छान. १३०, १४५, १२०. पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी प्रत्येक वेळी वाढलेली. आम्ही यंत्राला दोष दिला, प्रयोगशाळेला दिला. नंतर एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि दोन दिवसांत तीच अवस्था. उलट्या, जोराचा श्वास, आयसीयू. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही एकमेकांशी बोलतही नव्हतो.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसल्या. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, “चारातलं तुला सगळ्यात नकोसं कुठलं?” ती म्हणाली, “शाळेतलं. संडासात जाऊन टोचावं लागतं. तिथं कडी लागत नाही.”

वर्षभर ती दुपारचं इंजेक्शन घेतच नव्हती. वहीत आकडे मनानं लिहीत होती. कारण आकडा वाईट आला की आम्ही ओरडायचो.

मैत्रिणींनो, आम्ही तिच्यासाठी कर्ज काढलं होतं, उपास केले होते, माळ्यावरचं जातं काढलं होतं. पण दुपारी दीड वाजता ती कुठं बसून टोचते, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मग त्या खोलीतच सगळे मिळून बसलो. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे सगळं मांडलं. पुन्हा दोनवर यायचं तर काय फायदा, काय तोटा. चारच ठेवायची तर शाळेत काय बदलायचं. पंपाचंही सांगितलं, पण त्याची किंमत लाखांत, ते आमच्या आवाक्यात नव्हतं, हेही तिच्यासमोरच बोललो. तिनं चार निवडली. पण तिच्या अटींवर. सिरिंज नको, पेन हवं. संडासात नाही, वर्गात बाकावर. आणि वहीत आकडा कितीही आला तरी घरात कुणी ओरडायचं नाही. ही शेवटची अट आम्हालाच सगळ्यात जड गेली.

पेनाचा खर्च जास्त. तेव्हा आमच्या बचत गटानं कर्ज दिलं, त्याचे हप्ते आम्ही फेडले. शाळेत मुख्याध्यापिकेला भेटलो. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं सगळ्या राज्यांना लिहिलं होतं, की अशा मुलांना वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि गरज पडली तर खायला परवानगी द्यावी. त्याचा आधार घेऊन बोललो. बाई चांगल्या होत्या, लगेच ऐकलं. लेकीनं स्वतः वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं माहिती सांगितली. साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते, अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आता तिच्या दोन मैत्रिणींच्या दप्तरात कायम साखरेची पुडी असते.

तीन महिन्यांची तपासणी एकदम चांगली आली का? नाही. हळूहळू उतरतेय. पण वहीतले आकडे खरे आहेत. २६० आला तर २६० लिहिते.

शेवटचा निर्णय तिच्या डागांचा. पंधराव्या वर्षी मानेवर आणि बोटांवर पांढरे डाग आले. कोड. इथं नातेवाईक जास्त बोलले. साखर दिसत नाही, पण हे दिसतं, लग्नाचं काय, असं तिच्यादेखत म्हणाले. त्वचेच्या डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. मलम, नेमानं घ्यायची प्रकाशाची ट्रीटमेंट, आणि पसरणं थांबवण्यासाठी काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. स्टेरॉइडनं साखर वाढते. एका आजाराची गोळी दुसऱ्या आजाराच्या मुळावर! साखरेच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, देता येतील, पण इन्सुलिन वाढवावं लागेल आणि जास्त वेळा तपासावं लागेल. प्रकाशाच्या ट्रीटमेंटला आठवड्यातून दोन-तीनदा शाळा बुडवून जावं लागणार होतं, आणि ते तिचं दहावीचं वर्ष.

आमच्या मनात होतं, सगळं करायचं. पण आम्ही शिकलो होतो. तिला विचारलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मलम लावते. गोळ्या नको. प्रकाशाचं दहावीनंतर बघू. डाग दुखत नाहीत, साखर दुखते.”

आम्हाला रडू आलं. तिच्या वडिलांनी फक्त मान हलवली. डॉक्टरांना कळवलं, ते म्हणाले, हाही बरोबर निर्णय आहे. दहावी झाली. प्रकाशाचं काय, असं आम्ही परवा विचारलं. ती म्हणाली, विचार करतेय. बरं, कर म्हटलं.

जाता जाता थोडं कामाचं. आम्ही डॉक्टर नाही, डोस तुमच्या डॉक्टरांचाच. पण बाटली ४० ची असेल तर लाल टोपणाची सिरिंज आणि १०० ची असेल तर नारिंगी, ही अदलाबदल जिवावर बेतू शकते. फ्रिज नसेल, लाइट जात असेल, तर न उघडलेलं इन्सुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मातीच्या माठात गार जागी ठेवा. बर्फात किंवा फ्रीजरमध्ये नको, गोठलं की वाया जातं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात इन्सुलिन मोफत मिळतं का, हे जाऊन विचारा. दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. आशाताईंना घरातल्या मुलाचं सगळं सांगून ठेवा.

आणि गटातल्या बायांना एक विनंती. तुमच्या गावात असं पोर असेल तर त्याच्या आईला ‘हे करून बघ, ते करून बघ’ सांगू नका, ते सांगणारे पुष्कळ भेटतात. तिला विचारा, दळण घरी करायला हात लागतो का, दवाखान्याच्या दिवशी दुकान कुणी बघायचं का. आमच्या गटातली एक जण हळदी-कुंकवाला आता राजगिऱ्याचे लाडू ठेवते. लेकीसाठी वेगळं नाही, सगळ्यांनाच तेच. लेक पहिल्यांदा सगळ्यांच्या पंगतीत बसून सगळ्यांसारखं खाऊन आली. त्या लाडवाच्या हिशेबानं तिनं इन्सुलिन घेतलं, तिथंच, सगळ्यांसमोर. कुणी काही म्हटलं नाही.

मैत्रिणींनो, पोर लहान असतं तोवर निर्णय आपण घ्यायचा. पण तेरा-चौदाचं झालं की सुई त्याच्या हातात जाते. आपण दुकानात असतो, शेतात असतो, आणि टोचायचं की नाही हे ते एकटं ठरवत असतं. म्हणून डॉक्टरांसमोर खुर्ची तिलाही द्या. पैशाचं तिच्यासमोर बोला. आणि आकडा वाईट आला तर आधी पाणी द्या, मग विचारा, काय झालं?

उशीर होतोय. घरी बाजरी निवडून ठेवलीय, सासूबाई वाट बघत असतील.